1997 चा डिझेल पिकअप: वर्षभर ओझं ओढून आणि रोज चालवून

रोजच्या कामाला आणि सुट्टीत जड ट्रेलर ओढायला एकच गाडी हवी होती. बरीच शोधाशोध करून 1997 ची डॉज रॅम 2500 घेतली. 5.9 लिटरचं, बारा व्हॉल्व्हचं कमिन्स इंजिन, मॅन्युअल गिअर. वर्ष होत आलं, आता ठामपणे लिहू शकतो.

हेच इंजिन निवडलं ते इंजिनात डिझेल फवारणाऱ्या पंपामुळे. 1994 ते 1998 च्या या इंजिनांवर बॉशचा पी7100 पंप आहे, पूर्ण मेकॅनिकल. त्यानंतर चोवीस व्हॉल्व्हच्या इंजिनावर इलेक्ट्रॉनिक व्हीपी44 आला. त्याला थंड ठेवतं ते डिझेलच, त्यामुळे डिझेल पुढे ढकलणारा छोटा लिफ्ट पंप कमजोर पडला की मोठा पंपही जातो. फोर्डच्या पिकअपमधलं 7.3 लिटरचं पॉवर स्ट्रोक डिझेल इंजिन कुणी घेत असेल तर खुशाल घ्या. नंतरचं 6.0 लिटरचं मात्र ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडलेला धूर गार करणारा भाग) आणि हेड गॅस्केटचं काम झाल्याचे कागद असल्याशिवाय नको.

चढाला ताकद कमी पडली नाही. खरी परीक्षा उताराला. डिझेलमध्ये पेट्रोलसारखी हवा अडवणारी थ्रॉटलची झडप नसते, म्हणून पाय काढला तरी इंजिन गाडीला फारसं धरत नाही आणि मागचं वजन ढकलत राहतं. त्यामुळे सगळ्यात आधी एक्झॉस्ट ब्रेक बसवला, म्हणजे बाहेर जाणारा धूर अडवून इंजिनलाच गाडी धरायला लावणारी झडप. त्यासाठी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही जास्त कडक घातल्या. ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर नीट लावून घेतला. ताकद वाढवायचे पार्ट घेण्याआधी हा खर्च करा, कळकळीने सांगतो. एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटरही हवाच. लांब चढावर वरच्याच गिअरमध्ये दाबत राहिलं की काटा 1200 फॅरनहाइटकडे सरकतो. एक गिअर खाली घेतला की इंजिनला हवा जास्त मिळते आणि काटा उतरतो.

रोजच्या वापरात आवाज आहे, क्लच जड आहे, वळायला जागा लागते. याची सवय होते. थंडीत सकाळी सुरू केल्यावर हवा तापवणारा हीटर चालू-बंद होत राहतो आणि दर वेळी दिवे मंद होतात; त्यामुळे दोन्ही बॅटऱ्या दणकट पाहिजेत. मात्र तुमचं रोजचं जाणं-येणं पाच-दहा मिनिटांचं असेल तर जुनं डिझेल घेऊ नका. इंजिन पुरतं तापतच नाही, ऑइल खराब होतं.

घेताना किलोमीटरपेक्षा गंज बघा. चासी, ब्रेकच्या नळ्या, स्प्रिंगांचे हँगर, सगळं खाली झोपून. टायमिंग गिअरजवळची डॉवेल पिन (स्टीलची छोटी खुंटी) पक्की केली आहे का, हे विचाराच. ती सुटून गिअरमध्ये पडली तर इंजिन संपलं. रबराचे डिझेल पाइप वयाने चिरतात, हवा ओढतात आणि सकाळी स्टार्टर उगाच फिरत बसतो. माझे सगळे बदलल्यावर ती कटकट गेली. आणि इंजिन गारच दाखवायला सांगा, गरम असलं की सुरू होण्यातली खोट दिसत नाही. बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणून निघा.