सहा जणांच्या जेवणासाठी इनॅमलचं बिडाचं पातेलं

घरी सगळं मुळापासून रांधून एकत्र जेवायला बसायचं, तर एक जड पातेलं हवंच. त्यासाठी आतून इनॅमलचा मुलामा असलेलं 5 लिटरचं बिडाचं (ओतीव लोखंडाचं) पातेलं आम्हाला सर्वांत भरवशाचं वाटतं. सहा जणांना आरामात पुरतं.

बीड सावकाश तापतं, पण तापलं की उष्णता धरून ठेवतं. आधी तेल घाला, मंद आचेवर 4-5 मिनिटं तापू द्या, मग कांदा. मोठ्या आचेवर घाई केलीत तर मधोमध करपतं आणि कडेला कच्चं राहतं. अर्धा किलो कांदा नीट तांबूस व्हायला अर्धा तास तरी लागतो. तळाला धरलेला तपकिरी थर अर्धी वाटी गरम पाणी घालून लाकडी उलथन्याने सोडवा; खरी चव तिथेच असते! इनॅमलमुळे टोमॅटो-लिंबाचं आंबटही बिनधास्त शिजतं, नुसत्या बिडात त्याला लोखंडी चव येते.

तापलेल्या पातेल्यात गार पाणी ओतू नका, मुलाम्याला तडे जातात.

खरी अडचण वजनाची. रिकामंच पाच किलोंच्या आसपास भरतं. म्हणून घेण्याआधी जाड फडक्यासकट पातेल्याच्या दोन्ही कानांत बोटं नीट शिरतात का, ते उचलूनच बघा.