अडकलेला फोर-व्हीलचा दांडा आणि अवधानजवळचे एक बिनपाटीचे गॅरेज

मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यामुळे या शहराच्या भोवती ट्रकची गॅरेजे मुबलक आहेत, पण छोट्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचे काम समजून करणारा मिस्त्री मिळणे अवघडच. अवधान औद्योगिक वसाहतीच्या बाजूला महामार्गालगत पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या ज्या गॅरेजविषयी मी लिहीत आहे, तेही मुळात ट्रॅक्टर आणि ट्रकचेच आहे. त्याला पाटी नाही. मुख्य मिस्त्रींना सगळे ‘आबा’ म्हणतात आणि तेवढ्या ओळखीवर गिऱ्हाईक येते. जुन्या जीपच्या अडकलेल्या ट्रान्सफर केसचे (इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी) काम मी त्यांच्याकडून करून घेतले. दोष शोधण्याच्या बाबतीत हे गॅरेज उत्तम आहे. तेल, बिल आणि वेळ यांच्या बाबतीत मात्र गिऱ्हाइकाने स्वतः जागे राहावे लागते.

गाडी शिरपूर तालुक्यात, बोराडीच्या बाजूच्या शेतावर जाण्यासाठी घेतली होती. सातपुड्याच्या पायथ्याची काळी जमीन पावसाळ्यात चाकाला धरून ठेवते, तिथे मागच्या दोन चाकांवर चालणारी गाडी निरुपयोगी ठरते. गाडीच्या कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष बनावटीचा नव्हता. जुन्या गाड्यांच्या ज्या व्यापाऱ्याकडून ती घेतली, त्याने डॅशबोर्डवर पेटलेला फोर-व्हीलचा दिवा अभिमानाने दाखवला होता. तो दिवा विझतच नाही, कारण दांडा फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या जागेवर, रुतून बसला आहे, ही गोष्ट त्याने सांगितली नाही.

दांडा फोर-हायमध्ये राहिला तर बिघडते काय, असे अनेकांना वाटते. अशा पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतेच फोर-व्हील लावायच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) नसतो. फोर-हाय टाकले की ट्रान्सफर केस दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (एक्सलपर्यंत ताकद नेणारे लांब फिरते शाफ्ट) एकमेकांना बांधून टाकते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणजे त्यांना जास्त फिरावे लागते, पण बांधलेले शाफ्ट त्यांना तसे फिरू देत नाहीत. ओल्या मातीत टायर थोडे घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ते घसरत नाहीत आणि पिळलेल्या दोरासारखा ताण शाफ्ट, चेन आणि गिअर यांच्यात साठत जातो. हा पीळ शाफ्ट जोडणाऱ्या-सोडणाऱ्या आतल्या सरकत्या स्लीव्हला दातांवर इतका आवळून धरतो की, दांडा कितीही ओढला तरी हलत नाही. आमच्या गाडीचे स्टिअरिंग वळणावर जड व्हायचे, पार्किंगमध्ये ती गचके देत चालायची आणि फरशीवर टायरचे काळे ओरखडे उठायचे.

याआधी ज्या चकचकीत वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली, तिथे ती जॅकवर न चढवताच पूर्ण ट्रान्सफर केस बदलण्याचा सल्ला मिळाला आणि पाच आकडी रक्कम सांगण्यात आली. आबांनी सुरुवात टायरपासून केली. मला या गॅरेजचे सर्वांत जास्त कौतुक वाटले ते इथेच. त्यांनी पुढच्या आणि मागच्या टायरवर खडूने खूण केली, गाडी सरळ ढकलत नेऊन दोन्ही चाकांची एकेक फेरी जमिनीवर टेपने मोजली. व्यापाऱ्याने पुढे नवे टायर टाकले होते, मागचे बरेच झिजलेले होते. झीज पाच मिलिमीटर धरली तर टायरचा घेर सुमारे ३१ मिलिमीटरने कमी होतो. जीपच्या साधारण सव्वादोन-अडीच मीटर घेराच्या चाकाला हा फरक किलोमीटरमागे पाच-सहा फेऱ्यांपर्यंत जातो. म्हणजे अशी गाडी फोर-हायमध्ये नाकासमोर चालली तरी पीळ चढतच राहतो. हे गणित आबांनी कागदावर मांडले नाही, पण ‘पहिले चारी टायर सारखे करा, मग बाकीचं’ एवढे त्यांनी ठामपणे सांगितले.

त्यानंतर पीळ सोडवण्याचे काम. त्यांच्या हाताखालचा पोरगा दांड्याला पाइप लावून जोर करू लागला, तेव्हा आबा तिथूनच ओरडले, “दांडाले मारू नका, गाडीले मांगे ल्या.” शेडमागच्या मोकळ्या मातीत गाडी थोडी सरळ मागे नेली, पण दांडा आला नाही. मग मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावून पुढचे एक चाक जॅकने उचलले. टायर जमिनीपासून सुटता सुटता ‘खट्’ असा आवाज झाला आणि चाक कोणी हात न लावता थोडे फिरून थांबले. साठलेला ताण तेवढ्या एका झटक्यात निघून गेला. घरी हा प्रयोग करणाऱ्यांनी चाकापासून हात आणि चेहरा लांब ठेवावा, आणि दगड लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये.

आता दांडा हलला, पण अर्ध्यावर येऊन पुन्हा अडला. म्हणजे पीळ हे निम्मेच कारण होते. उरलेले निम्मे कुठे आहे, केसच्या आत की बाहेर, हे ठरवण्याची त्यांची पद्धत साधी आणि बिनचूक आहे: दांड्यापासून खाली येणारा लिंकेज रॉड केसवरच्या आर्मपासून (केसच्या आतली जागा बदलणारा बाहेरचा छोटा हात) सोडवायचा आणि आर्म पान्ह्याने वेगळा हलवून पाहायचा. आर्म हलला नाही तर शिफ्ट फोर्क (स्लीव्ह सरकवणारा काटा), त्याचा शाफ्ट किंवा स्लीव्ह यांत दोष आहे आणि केस उतरवावी लागेल. हलला तर केसला हात लावण्याचे कारण नाही. पोरग्याने उचललेले चाक किंचित मागे-पुढे केले, आबांनी पान्हा फिरवला आणि आर्म आपल्या प्रत्येक जागेवर टकटक बसला. पाच आकडी खर्चाचा निर्णय त्या क्षणी रद्द झाला.

दोष लिंकेजच्या खिळीत होता. दांड्याचे रबरी बूट, म्हणजे मातीपासून झाकणारे आवरण, फाटलेले होते, त्यातून वर्षानुवर्षे गेलेला काळ्या मातीचा गारा आत विटेसारखा वाळला होता आणि बुश (खिळीभोवतीची धातूची नळी) गंजून खिळीला धरून बसले होते. डिझेलने धुऊन, रस्ट स्प्रे मारून आणि शेवटी थोडी आंच देऊन ती खीळ निघाली. मूळ बुश बाजारात मिळाले नाही, म्हणून जवळच्या लेथवर गनमेटलचे नवे करून घेतले. ते मुळापेक्षा चांगले बसले आहे, असे माझे मत आहे. बूट मात्र त्यांनी जुने फाटकेच परत लावण्याचा घाट घातला होता. ज्या भोकातून माती गेली तेच उघडे ठेवायचे, हे मला पटले नाही आणि मी नवे बूट आणून दिले.

ट्रान्सफर केसच्या तेलाच्या बाबतीत माझी तक्रार आहे. काम करण्याची शिस्त चांगली होती: आधी वरचा भरण्याचा बोल्ट सैल करून पाहिला आणि मगच खालचा निचऱ्याचा बोल्ट उघडला, कारण तेल काढून टाकल्यावर वरचा बोल्ट उघडलाच नाही तर गाडी तिथेच अडकते. निघालेले तेल काळे आणि जाड होते. निचऱ्याच्या बोल्टच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा होता, जो सामान्य झिजेचा असतो. धातूचे कपचे किंवा दातांचे तुकडे नव्हते. इथवर सगळे नीट झाले. पण नवे तेल भरताना त्यांनी सवयीने नव्वद नंबरच्या गिअर ऑइलचा डबा पुढे ओढला. आमच्या गाडीची ट्रान्सफर केस चेनवर चालते आणि तिच्या मॅन्युअलमध्ये पातळ, लाल रंगाचे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) सांगितले आहे. उलट अनेक जुन्या, पूर्णपणे गिअरवर चालणाऱ्या केसमध्ये गिअर ऑइलच लागते. दोन्हींत फरक करण्याची सवय या गॅरेजला नाही. मॅन्युअलचे पान दाखवल्यावर आबांनी वाद घातला नाही, एटीएफ मागवले आणि वरच्या भोकातून बाहेर ओघळेपर्यंत भरले. पण पान दाखवणारे गिऱ्हाईक समोर नसते, तर गिअर ऑइलच गेले असते.

काम झाल्यावरची तपासणी मात्र निर्दोष होती. टू-हायमध्ये, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांवर, टाकूनही दिवा पेटलेलाच राहिला, तेव्हा त्यांनी दिव्यावर विसंबून न राहता पुढचे चाक पुन्हा उचलले आणि हाताने फिरवले; ते मोकळे फिरले, म्हणजे पुढचा शाफ्ट खरोखर सुटला होता. बिघडलेला होता तो केसवरचा दिव्याचा स्विच, तो बदलला. मग गाडी मातीवर नेऊन टू-हाय, फोर-हाय आणि पूर्ण थांबवून, क्लच दाबून फोर-लो (चारही चाके, हळू पण जास्त जोराची) असे सगळे टप्पे माझ्याच हातून करून घेतले. टायर सोडून एकूण खर्च चार आकड्यांत राहिला.

उणिवाही लिहितो. छापील बिल मिळत नाही, वहीच्या पानावर हिशेब मिळतो. गॅरेजचा फोन उचलला जाईल याची खात्री नाही. पेरणीच्या आणि ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर आधी, बाकीचे नंतर, असा अलिखित नियम आहे आणि तो खानदेशात कुणाला चुकीचाही वाटणार नाही. उघड्या शेडमध्ये महामार्गाची धूळ सतत येते. आमची केस उघडावी लागली नाही म्हणून निभावले, पण आतले काम इथे करून घेण्याआधी मी दोनदा विचार करीन. ज्या गाड्यांत फोर-व्हील दांड्याऐवजी डॅशबोर्डवरच्या बटणाने लागते, त्यांच्या शिफ्ट मोटरचे आणि सेन्सरचे काम आपण करत नाही, त्याला स्कॅनर लागतो, हे आबा स्वतःच सांगतात.

मागच्या शाफ्टच्या ऑइल सीलला किंचित पाझर आहे. तो आत्ता बदलू नका, पावसाळाभर तेलाची पातळी पाहा, असे त्यांनी सांगितले आहे. सील विकण्याची संधी त्यांनी सोडली, याची मी नोंद घेतली आहे. जाणाऱ्यांनी सकाळी लवकर जावे, गाडी आदल्या दिवशी धुऊन खालचा चिखल काढून न्यावी आणि मॅन्युअलमधील तेलाच्या पानाची झेरॉक्स सोबत ठेवावी.