ऑफिसच्या गच्चीवर सातेरीच्या दोन पेट्या : दहा महिन्यांचा अनुभव

पुण्यात बाणेरला आमच्या सहा मजली ऑफिसच्या गच्चीवर जानेवारीत सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाशीच्या, दोन पेट्या आल्या. इमारतीची देखभाल माझ्याकडे, त्यामुळे पेट्याही माझ्याच गळ्यात. ज्यांच्याकडून घेतल्या त्यांचा माणूस महिन्यातून एकदा येणार होता. तिसऱ्या महिन्यानंतर तो फिरकला नाही. शेवटी गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत जाऊन मीच शिकलो.

एप्रिलमध्ये उन्हाने गच्चीवर पाय ठेववत नव्हता. माश्या पेटीच्या दाराशी घोळक्याने बसून पंखांनी वारा घालायच्या आणि एसीच्या पाइपातून ठिबकणाऱ्या पाण्यावर रांग लावायच्या. मग वर हिरवी जाळी बांधली, पेट्यांवर ओली गोणपाटं टाकली आणि बुडू नयेत म्हणून परातीत खडे घालून पाणी ठेवलं. मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत असतात. रविवारी कोणी वाटी भरली नाही की सोमवारी मुंग्या आत.

पावसाळ्यात फुलोरा नाही म्हणून साखरेचा पाक द्यावा लागला. तरी ऑगस्टमध्ये एका पेटीत मेणकिडा, म्हणजे पोळ्याचं मेण खाणारी अळी, शिरला. चौकट उचलली तर पोळ्यात पांढऱ्या जाळ्यांचे बोगदे. दोन दिवसांनी माश्या पेटी सोडून गेल्या. सातेरी अशी पटकन निघून जाते. चूक माझीच, तीन आठवडे पेटी उघडली नव्हती.

मध एप्रिलमध्ये अडीच किलो निघाला, माणशी दोन चमचे.

लॉबीत ‘आम्ही जैवविविधता जपतो’ असा बोर्ड आहे. मला तो पटत नाही. सातेरी इथलीच, हे ठीक; पण पाळीव माशी वाढली म्हणजे रानमाश्या वाढल्या असं नाही. फुलं कमी असतील तर उलट वाटेकरी वाढतात. बऱ्याच एकट्या राहणाऱ्या माश्या तर जमिनीत बीळ करतात, त्यांना पेटीचा काय उपयोग? कुंड्यांत तुळस लावली, लॉनवरची फवारणी थांबवली, तेव्हा कुठे फुलोरी या छोट्या रानमाश्या आणि काळे भुंगे दिसू लागले.

पाचव्या मजल्याच्या छज्ज्याला दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आग्या मोहोळ बसतं आणि आम्ही लगेच पेस्ट कंट्रोलला फोन करायचो. यंदा लिफ्टमनच म्हणाला, “राहू द्या साहेब, उन्हाळ्यात जातील आपणच.” त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवल्यात, बस.

दर आठ-दहा दिवसांनी पेटी उघडणारं माणूस नसेल तर घेऊ नका, कुंड्या घ्या. नव्या माश्या याव्यात म्हणून रिकामी पेटी मी साफ करून, आत मेण चोळून ठेवली आहे. कालपासून दोन-तीन माश्या दारातून आत-बाहेर करतायत.