योद्धाचा बंपर आणि आळेफाट्याचे मिस्त्री

गाडी टाटा योद्धा पिकअप, २०२१ची, पांढरी. नारायणगावजवळ आमची नर्सरी आहे, टोमॅटो-मिरचीची रोपं पोचवायला घेतलेली. चालवतात धाकटे दीर. जानेवारीत ओतूरला रोपं उतरवून रिकामे ट्रे घेऊन येत होते. आळेफाट्याच्या चौकात पुढची उसाची ट्रॉली गपकन थांबली आणि आमची गाडी तिच्यावर टेकली. वेग काहीच नव्हता. पण ट्रॉलीच्या मागं तो लोखंडी हूक असतो ना, तो नेमका बंपरच्या डाव्या तुकड्यात शिरला. नंबरप्लेट दुमडली, डावं टोक दोन बोटं आत जाऊन मडगार्डला घासायला लागलं. "वहिनी, काही नाही, थोडं चेपलंय," असा फोन आला. थोडं म्हणजे किती ते मला कळतं, हिशेब मीच लिहिते.

आधी एका मोठ्या वर्कशॉपला दाखवली. तिथल्या पोरानं वाकूनसुद्धा न बघता अख्खा बंपर बदलायचं एस्टिमेट दिलं, ११,४०० रुपये. पार्ट यायला आठ दिवस. आता या गाडीचा बंपर पत्र्याचा, तोही तीन तुकड्यांचा. दुरुस्तीचा खर्च कमी म्हणून तर कंपनी त्याची जाहिरात करत होती. मग तिन्ही तुकडे कशाला? उत्तर नाही.

इन्शुरन्सचा कागद काढला. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत बंपर, लाइट, मडगार्ड, रंग हे आयएमटी २३ नावाचं जादा कव्हर घेतलेलं असेल तरच धरतात. आमच्यात होतं, पण त्यातही मंजूर नुकसानीचा ५० टक्के भार आपल्यावरच. वर तीन वर्षं जपलेला ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, शून्यावर येणार. क्लेमचा विचार तिथंच सोडला.

मग दिरांनीच हे गॅरेज सांगितलं. आळेफाट्याहून नारायणगावकडं येताना डाव्या हाताला पत्र्याची शेड, पाटीवर नाव नाही, नुसतं 'डेंटिंग-पेंटिंग'. मिस्त्रींना सगळे मामाच म्हणतात.

मामांनी बंपरला हातच लावला नाही. गाडीखाली गेले, एक दोरा मागितला. चासीच्या एका बोल्टपासून बंपरच्या टोकापर्यंत आधी उजवीकडं मोजला, गाठ मारली, तोच डावीकडं धरला. गाठ टोकाच्या पुढं लोंबली. "ताई, बंपर नंतर बघू, ब्रॅकेट पिळलंय. नवा बंपर टाकला असता तरी वाकडाच बसला असता." हे वर्कशॉपला का दिसलं नाही, देव जाणे.

गंजलेल्या बोल्टांवर डिझेल सोडून तासभर चहा झाला. ब्रॅकेट व्हाइसमध्ये आवळून सरळ केलं आणि परत दोरा लावून बघितला. मग डावा तुकडा मांडीवर घेतल्यासारखा घेऊन आतून हातोडी, बाहेरून डॉली, म्हणजे टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा. मला वाटलं होतं दणादण ठोकतील. पण नुसतं टकटक, मधेच पत्र्यावरून तळहात फिरवायचे, डोळे मिटून. हूक शिरला होता तिथं पत्रा फाटला होता, तेवढं गॅसनं जोडलं. वरून लावलेली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) अगदी पातळ. मी घरून फ्रीजचं लोहचुंबक नेलं होतं (हो, नेलं होतं), ते सगळीकडं नीट चिकटलं. लांबीचा जाड थर असता तर घसरलं असतं. मामा हसले, पण रागावले नाहीत.

एकूण ३,२०० रुपये, रंगासकट.

आता रडगाणं. "उद्या संध्याकाळी" म्हणाले आणि चौथ्या दिवशी गाडी दिली. तेवढ्यात दोन ऑर्डरींना भाड्याचा छोटा हत्ती करावा लागला, त्याचे १,८०० वेगळे. रंग शेडमध्ये जुळलेला दिसला, उन्हात आणली तर डावा तुकडा दुधासारखा आणि बाकी गाडी सायीसारखी. धुळीत आठवड्यात सारखंच होईल असं दीर म्हणाले, ते खरं निघालं. बिल मागितलं तर वहीच्या पानावर आकडा आणि सही. आणि नंबरप्लेट हातोडीनं सरळ करून बसवली, तिच्यावरची घडी अजून दिसते.

मडगार्डला आता काही घासत नाही, दोन महिने झाले. जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत जा. दुपारी मामा जेवायला घरी जातात आणि चारशिवाय उगवत नाहीत.