लीचेस: फुकटात उत्तम, फक्त रेटिंगच्या नादी लागू नका

बुद्धिबळाच्या या साइटवर जाहिराती नाहीत, वर्गणी नाही. सगळा कारभार देणग्यांवर चालतो, आणि खेळलेला डाव संगणकाकडून तपासून घ्यायलाही पैसे पडत नाहीत. घोळ होतो तो रेटिंगवरून, म्हणजे खेळाची ताकद दाखवणाऱ्या आकड्यावरून. नवं खातं १५००ला सुरू होतं आणि पहिल्या काही डावांत आकडा भलत्याच उड्या मारतो. शेजारचं प्रश्नचिन्ह जाईपर्यंत तो हिशेबातच धरू नये. गेल्यावरही फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या) रेटिंगशी ताडून पाहू नये: मोजण्याची पद्धत इथं ग्लिको-२, तिथं एलो, आणि खेळणारी मंडळीही निराळी. ‘ऑनलाइन १६०० आहे’ म्हणून पोराला थेट रेटिंग स्पर्धेत उतरवणारे पालक हमखास फसतात.

खरी मजा ‘पझल स्टॉर्म’मध्ये आहे. घड्याळ तीन मिनिटांचं, सुटतील तेवढी कोडी सोडवायची. सलग ५ चाली बरोबर आल्या की ३ सेकंद बक्षीस, १२ला ५, २०ला ७, ३०ला १०. एक चाल चुकली की १० सेकंद कापले जातात आणि साखळीही तुटते. म्हणजे अंदाजपंचे वजीर फेकणं दुहेरी महागात पडतं. पटावर उजळलेली दोन घरं आधी बघा. प्रतिस्पर्ध्याची शेवटची चाल तीच, आणि त्याची चूक बहुतेक वेळा तिथंच सापडते. तिथून हललेला घोडा कशाला जोर देत होता, हे पाहिलं की निम्मं काम झालं. फेरीभर तुमचा रंग बदलत नाही, त्यामुळे पट उलटा वाचण्याची भानगड नाही. फेरी संपल्यावर चुकलेली कोडी तशीच सोडून लगेच दुसरी फेरी लावणाऱ्यांचा सुटलेल्या कोड्यांचा आकडा अडकून बसतो.

डावानंतरच्या विश्लेषणात ‘चुकांमधून शिका’ आहे: तुमची चुकलेली चाल दाखवून योग्य चाल तुम्हालाच शोधायला लावतं. इंजिननं (डाव तपासणाऱ्या संगणकानं) सुचवलेल्या चाली नुसत्या वाचण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

क्लासच्या मुलांसाठी ‘अरीना’ ही स्पर्धा मात्र जपून. विजयाला २ गुण, बरोबरीला १; सलग दोन विजयांनंतर गुण दुप्पट. ‘बर्सर्क’ दाबलं की आपलं घड्याळ निम्मं होतं, प्रत्येक चालीमागे मिळणारे जादा सेकंद जातात आणि जिंकल्यास १ गुण वाढीव. डाव संपला की लगेच पुढचा, त्यामुळे भराभर खेळणारा पुढे पळतो आणि विचार करून खेळणारं पोर तळाशी राहतं. त्यापेक्षा प्रशिक्षकानं टीम काढून स्विस स्पर्धा लावावी: सगळ्यांना ठरलेल्या फेऱ्या, घाई नाही. वेळ १५+१० ठेवावी, म्हणजे १५ मिनिटं आणि प्रत्येक चालीमागे १० जादा सेकंद. ५+३ इथं ब्लिट्झमध्ये, म्हणजे झटपट डावांत मोजतात, आणि त्यात शेवटची प्याद्यांची झुंज मुलं नीट खेळतच नाहीत.