हॉटेलच्या कार्डावर गोव्याचं ऑल इन्क्लुझिव्ह पॅकेज: असा फोन आला तर आधी हे वाचा

जळगाव, धुळे, नंदुरबार, आपल्या तिन्ही जिल्ह्यांतल्या लोकांसाठी लिहितेय, कारण आमच्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांना सेम फोन आलाय. "तुमच्या हॉटेल मेंबरशिपवर गोव्याच्या बीच रिसॉर्टमधे ऑल इन्क्लुझिव्ह स्टे लागलाय, राहणं, खाणं, पिणं, मुलांचं सगळं त्यातच, फक्त टॅक्स आणि प्रोसेसिंग भरा." आमचे एक लाख नव्वद हजार यात अडकलेत. थोडं लांबेल पण पूर्ण वाचा आणि घरात ज्यांची फिरतीची नोकरी आहे त्यांना नक्की वाचायला द्या, कारण हे लोक त्यांनाच धरतात.

ह्यांची नोकरी ठिबक आणि पाइपच्या लाइनमधली, पुणे, हैदराबाद, अहमदाबाद सारखं चालू असतं, त्यामुळे एका मोठ्या हॉटेल चेनचं मेंबरशिप कार्ड आहे. ही मेंबरशिप फुकट असते, चेनच्या ॲपवर नाव नोंदवलं की नंबर मिळतो, बिल होईल तसे पॉइंट जमतात, वर्षात ठराविक रात्री झाल्या की वरची कॅटेगरी मिळते, मग कधी मोठी रूम, उशिरा चेकआऊट, वरच्या लेव्हलला नाश्ता. त्यात काही खोटं नाही, पॉइंटवर आम्ही पुण्याला फुकट राहिलोयसुद्धा. म्हणून फोन आला तेव्हा शंका यायचं कारणच नव्हतं.

फोनवरच्या मुलीने सुरुवात कशी केली ते सांगते. "सर, हॉटेल मेंबरशिप डिपार्टमेंटमधून बोलतेय, आपलं कार्ड सिल्व्हर आहे की गोल्ड?" हे म्हणाले गोल्ड, आणि बोलण्याच्या ओघात चेनचं नावपण ह्यांच्याच तोंडून निघालं. तिथून पुढे ती प्रत्येक वाक्यात तेच नाव घ्यायला लागली. ह्यांच्या फोनमधे कॉल रेकॉर्ड होतात, नंतर ऐकलं तेव्हा लक्षात आलं की त्याआधी तिने एकदाही चेनचं नाव घेतलेलं नाही. शहर, मुलं किती, वर्षात कुठे फिरता, सगळं तिने समोरच्याकडूनच काढून घेतलं आणि मग तेच "आमच्या सिस्टिमला दिसतंय सर" असं म्हणून परत ऐकवलं. अट एकच, नवरा बायको दोघांनी यायचं आणि एका सकाळी दीड तासाच्या मेंबर मीटिंगला बसायचं. १४ हजार ऑनलाइन भरले, व्हॉट्सॲपवर व्हाउचर आलं, त्यावर रिसॉर्टचं नाव, तारखा आणि मोठ्या अक्षरात ऑल इन्क्लुझिव्ह.

भुसावळहून गोवा एक्स्प्रेसने मडगाव, तिथून टॅक्सी. रिसॉर्ट खरंच सुंदर होतं, समोरच समुद्र. रिसेप्शनवरच्या माणसाने व्हाउचर बघितलं आणि सांगितलं की ही एजन्सीची बुकिंग आहे, रूम आणि नाश्ता एवढंच भरलेलं आहे. कार्डाचा नंबर सांगितला तर म्हणाला, सर, हे रिसॉर्ट त्या चेनचं नाहीच. तो माणूस सरळ होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिथे ऑल इन्क्लुझिव्हवाले गेस्ट खरोखर होते, त्यांच्या हाताला निळा बँड, आमच्या हाताला पांढरा. माझा मुलगा बाकीच्या मुलांबरोबर पळत ज्यूसच्या काउंटरवर गेला, तिथल्याने त्याचा हात बघितला आणि ग्लास मागे घेतला. सात वर्षांचं पोर, त्याला काय कळणार बँडचा रंग. तो तसाच परत आला आणि मला विचारलं, मम्मी, आपलं नाही का हे? मला आजही ते आठवलं की जीव तुटतो.

लगेच त्या मुलीला फोन लावला. ती एकदम शांत. "मॅम, उद्या सकाळची मीटिंग झाली की बँड चेंज होऊन जाईल, सिस्टिममधे तेव्हाच ॲक्टिव्हेट होतं." म्हणजे इतक्या लांब आणून ठेवायचं, जेवण अडवून धरायचं आणि मग मीटिंगला बसवायचं. हे सगळं आधीपासून ठरलेलं असतं, चुकून झालेलं काहीच नसतं.

मीटिंगचा हॉल मी कधी विसरणार नाही. मोठ्या आवाजात गाणी, गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर एक जोडपं आणि एक सेल्समन, मुलांना वेगळ्या खोलीत खेळायला नेलं. मधेच माइकवर अनाउन्स होतं की अमुक सर आणि मॅम आपल्या फॅमिलीत आले, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. त्यातली काही जोडपी त्यांचीच असतील असं मला तिथे बसल्या बसल्याच वाटत होतं. आमच्या टेबलावरचा मुलगा मराठी निघाला. "ताई, मी पण आपल्याकडचाच, अमळनेरचा", आणि ह्यांच्याकडे वळून "काय जिभाऊ, बरं शे ना?" गोव्यात कोणी अहिराणी बोललं तर माणूस सैल होणारच हो. मग ताई, दाजी, आमच्याकडे भरीत कसं करतात, केळीला यंदा भाव काय, अर्धा तास नुसत्या घरच्या गप्पा.

मग हिशोब. वर्षाला फिरण्यावर किती जातात? हे म्हणाले साठेक हजार. त्याने कागद घेतला, दरवर्षी १० टक्के महागाई धरली आणि २५ वर्षांचे ५९ लाख काढून दाखवले. गणित बरोबर आहे, मी घरी येऊन केलं, पण २५ वर्षं दरवर्षी तेवढंच फिरणार हे त्याने आपणच ठरवून टाकलं. मग त्यांच्या हॉलिडे क्लबची मेंबरशिप पुढे केली. त्याच कागदावर त्याने लिहून दिलं, दरवर्षी ७ रात्री, ऑल इन्क्लुझिव्ह, चौघांसाठी, आणि ह्यांच्या हॉटेल कार्डाशी लिंक, म्हणजे पॉइंट इकडे वापरता येतील. किंमत साडेसहा लाख. नको म्हटलं तर सव्वातीन, फक्त आजच्या दिवस. तेही नको म्हटलं तर मॅनेजर आला, कोणीतरी कॅन्सल केलेली एक मेंबरशिप आहे म्हणे, एक लाख नव्वद. मी म्हटलं कागद द्या, रूमवर नेऊन वाचते, भाऊ वकिलीत आहे त्याला पाठवते. तर कागद बाहेर न्यायला परवानगी नाही, आणि त्या मुलाचा चेहरा असा की ताई तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवत नाही का. दीड तासाचे दुपारचे दोन वाजले, मुलगा भुकेला झाला, क्रेडिट कार्ड "फक्त एलिजिबिलिटी बघायला" म्हणून मागून घेतलं, ओटीपी आला, पैसे कटले, वर बारा महिन्यांचा ईएमआय. ईएमआयवर व्याज लागतं आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, हे तिथे कोणी सांगत नाही. एक गोष्ट बरी झाली, तो हिशोबाचा कागद त्याने उचलायच्या आधी मी त्याचा फोटो काढला होता. आज आमच्या केसमधे तो फोटो सगळ्यात कामाचा पुरावा आहे.

आणि निळा बँड? त्या संध्याकाळच्या जेवणापुरता. दुसऱ्या दिवशी परत पांढरा.

करार कुरिअरने घरी आला तो बऱ्याच दिवसांनी. त्यात लिहिलंय की दहा दिवसांत कॅन्सल केलं तरच पैसे परत, आणि ते दहा दिवस सहीच्या तारखेपासून. म्हणजे कागद हातात यायच्या आधीच मुदत संपलेली. पुढे वाचत गेले तसं डोकंच फिरलं. राहण्याची फक्त रूम, जेवणाचा प्लॅन सक्तीचा आणि त्याचे पैसे त्या त्या वेळच्या रेटने वेगळे. दरवर्षी मेंटेनन्स, तो वाढत जाणार. दिवाळी, नाताळ, मे महिना बंद. बाकीच्या तारखा उपलब्धतेनुसार. आणि एक कलम असं की तोंडी दिलेलं कुठलंही आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही. हॉटेल कार्डाचा, पॉइंटचा शब्दसुद्धा नाही. चेनच्या कस्टमर केअरला मेल केला, त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं की या क्लबशी आमचा काहीही संबंध नाही. ते उत्तर जपून ठेवा, लेखी घ्या, फोनवर विचारून सोडून देऊ नका.

माझे सासरे पारोळ्याकडे कापूस करतात, त्यांना सांगितलं तर म्हणाले, "फुकटमा कोन्ही पानी बी पाजत नही." मला हे पटलं नाही. आम्ही फुकट मागायला गेलोच नव्हतो, पैसे भरून गेलो होतो आणि भरलेल्या पैशाचं जेवणही मिळालं नाही. फसवणारा सोडून फसलेल्याला बोलायची आपल्याकडे फार सवय आहे आणि त्यामुळेच लोक घरात सांगत नाहीत, ईएमआय गुपचूप भरत राहतात. पतसंस्थांमधे आयुष्याची पुंजी अडकलेली माणसं आपल्या जिल्ह्यात किती आहेत, त्या सगळ्यातून एक वृत्ती झालीय की गेले तर गेले, कुठे तारखा करत बसायच्या. या कंपन्या नेमक्या त्यावरच जगतात. करारात मुद्दाम लिहितात की वाद झाला तर दिल्लीच्याच कोर्टात किंवा लवादाकडे, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा करणाऱ्याकडे. जळगावचा माणूस दोन लाखासाठी दिल्लीला कशाला जाईल?

तर जावं लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३४, तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी धंदा करता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. १९८६ च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती, नवीन कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. म्हणजे शहाद्याच्या माणसाने नंदुरबारला, शिरपूरच्या माणसाने धुळ्याला करायची. भरलेली रक्कम ५ लाखापर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावायची सक्ती नाही, स्वतः बोलता येतं. तक्रार ऑनलाइनही होते, ई-जागृती पोर्टलवर. लवादाचं कलम दाखवून कोणी घाबरवलं तर २०१८ मधे सुप्रीम कोर्टाने एका बिल्डरच्या केसमधे स्पष्ट केलंय की अशा कलमामुळे ग्राहकाचा आयोगात जायचा हक्क जात नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, ती सोडू नका. नोटीस पोचल्यावर कंपनीला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, फार तर अजून १५ दिवस वाढवून मिळतात.

आम्ही आधी १९१५ ला फोन केला, ही सरकारी ग्राहक हेल्पलाइन. ते कंपनीला तक्रार पाठवतात, मधे पडतात, पण ऑर्डर काढू शकत नाहीत. आमच्या कंपनीने तिथे उत्तर दिलं की पैसे परत नाही, छोट्या प्लॅनमधे टाकतो. बँकेने ओटीपी तुम्हीच दिला म्हणून हात वर केले, तरी तक्रार लेखी करून नंबर घेऊन ठेवा, पुढे लागतो. आम्ही कॅन्सलेशनचं पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पोचपावतीसह पाठवलं, कॉल रेकॉर्डिंग, व्हाउचर, तो फोटो, कुरिअरच्या पाकिटावरची तारीख, सगळं जोडलं. ते पाकीट मी फेकणार होते, भावाने थांबवलं.

अजून एक, हे फार महत्त्वाचं. तक्रार केली की काही दिवसांत दुसरेच लोक फोन करतात. "तुमची मेंबरशिप घ्यायला कस्टमर तयार आहे, आधी एनओसी आणि जीएसटीचे १८ हजार भरा, पूर्ण पैसे परत." ही दुसरी फसवणूक आहे, आणि फसलेला माणूस आशेवर असतो म्हणून पटकन भरतो. एक रुपया देऊ नका. दिले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, जितका उशीर तितकं अवघड.

ज्यांच्याकडे खरं हॉटेल कार्ड आहे त्यांनी एवढं तपासा. बुकिंग चेनच्या ॲपमधे, तुमच्या नंबरखाली दिसली पाहिजे, व्हॉट्सॲपवरचं व्हाउचर म्हणजे बुकिंग नव्हे. ॲपमधे नसेल तर रिसॉर्टचा नंबर त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून शोधून फोन करा आणि कोणता मील प्लॅन भरलाय ते मेलवर मागा. चेनचं रिसॉर्ट असलं तरी एजन्सीमार्फत बुक केलं की सहसा पॉइंट मिळत नाहीत. जेवण आधीच धरलेलं असतं तिथे कार्डावरच्या फुकट नाश्त्याला तसाही अर्थ नाही, मोठी रूम किंवा उशिरा चेकआऊट मिळतं का ते विचारा. मुलांचे पैसे वयाप्रमाणे वेगळे लागतात का तेही. मालदीवचं पॅकेज असेल तर बेटापर्यंतच्या स्पीडबोटीचे किंवा सीप्लेनचे पैसे बऱ्याचदा वेगळे असतात, तो आकडा लहान नसतो. आणि पॅकेजमधे कुठलीही मीटिंग, ब्रेकफास्ट सेशन, ओरिएंटेशन असेल तर तिथेच नाही म्हणा.

आमची तक्रार जळगावला दाखल होऊन कंपनीला नोटीस गेलीय. नोटीस पोचल्याबरोबर, जे लोक महिनोन्महिने फोन उचलत नव्हते त्यांचाच मेल आला, निम्मे पैसे परत देतो, तक्रार मागे घ्या आणि याबद्दल कुठेही लिहिणार नाही अशी सही करा. ती सही आम्ही केलेली नाही. त्या हॉलमधे आमच्या शेजारच्या टेबलावर शहाद्याचं एक जोडपं होतं, त्यांचा नंबर मी तेव्हा घेतला होता, परवा त्यांच्याशी बोलले, त्यांचे सव्वातीन लाख गेलेत आणि दोन वर्षांची मुदत अजून शिल्लक आहे. आमच्या तक्रारीची कॉपी त्यांना पाठवलीय, ते नंदुरबारला दाखल करतायत.