रेसिपी चॅनेलवाल्यांसाठी यूट्यूब स्टुडिओ: प्रेक्षकांचं किती ऐकायचं?

रेसिपीच्या व्हिडिओखाली "ताई, बोलणं कमी करा" आणि "ताई, जरा सावकाश सांगा" या कमेंट एकाखाली एक येतात. दोघांचं ऐकणं शक्य नाही. कोणाचं ऐकायचं ते ठरवायला यूट्यूब स्टुडिओ, म्हणजे चॅनेल सांभाळायला यूट्यूबनेच फुकट दिलेलं साधन, किती उपयोगी पडतं, ते उकडीच्या मोदकांच्या व्हिडिओवर तपासून पाहू.

यातली सगळ्यात कामाची चीज म्हणजे रिटेन्शनचा आलेख, म्हणजे व्हिडिओच्या कोणत्या क्षणी किती लोक टिकून आहेत ते दाखवणारी रेषा. व्हिडिओच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये तो मिळतो, पण आकडे जमायला एक-दोन दिवस लागतात. पहिल्या 30 सेकंदांनंतर किती टक्के लोक टिकले, हे वेगळं दिसतं. रेषा हळूहळू उतरतेच, तिची चिंता नको. बघायचे ते खड्डे आणि उंचवटे. खड्डा म्हणजे लोकांनी व्हिडिओ पुढे ढकलला किंवा बंद केला. उंचवटा म्हणजे तेवढा भाग मागे नेऊन पुन्हा पाहिला किंवा कोणाला तरी पाठवला.

पुन्हा पाहिला तो आवडला म्हणून, की कळला नाही म्हणून? इथे आलेख गप्प. "1 वाटी पिठी, 1 वाटी पाणी" ही अक्षरं पडद्यावर दोनच सेकंद दिसली, तर तिथे उंचवटा येणारच. ती दाद समजून खूश होऊ नका, तक्रार आहे ती. पुढच्या व्हिडिओत प्रमाण निदान पाच सेकंद ठेवा.

खड्ड्यात फसगत याहून मोठी. उकड मळण्याचा दीड मिनिटाचा तुकडा बघायला कंटाळवाणाच, रेषा तिथे बसते. कापून टाकायचा मोह होतो. त्याआधी कमेंट वाचा: "पारी चिरते", "कळ्या काढताना फाटतं". पिठी जुनी असेल तर पाणी थोडं जास्त लागतं. पिठी घातल्यावर मंद आचेवर झाकून दोन-तीन मिनिटं वाफ दिली नाही तर ती कच्ची राहते. आणि उकड गार झाल्यावर मळायला घेतली तर कितीही रगडा, गुळगुळीत होत नाही. म्हणजे लोक जी पायरी ओलांडून जातात, तीच त्यांची चुकते! तुकडा ठेवा, फक्त त्याच्या आधी चिरलेली पारी आणि नीट पारी शेजारी-शेजारी दाखवा. मग लोक थांबतात का, ते पुढच्या आलेखात कळेल.

"गूळ जास्त झाला", "खोबरं ओलंच का?" हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न, सोडून द्या.

जुना व्हिडिओ दुरुस्त करायला मात्र स्टुडिओ तोकडं पडतं. त्याच्या एडिटरमध्ये कापता येतं, धूसर करता येतं, संगीत घालता येतं, पण नवा शॉट जोडता येत नाही. त्याच लिंकवर दुसरी फाइलही चढत नाही. पार्टनर प्रोग्रॅममध्ये (व्हिडिओतून कमाई करू देणाऱ्या यूट्यूबच्या योजनेत) नसाल आणि 1 लाखावर व्ह्यूज झाले असतील, तर कापाकापीलाही अटकाव होऊ शकतो. मग चूक पिन केलेल्या कमेंटमध्ये आणि डिस्क्रिप्शनमध्ये कबूल करा, आणि डिस्क्रिप्शनमध्येच वेळा आणि नावं लिहून व्हिडिओचे चॅप्टर पाडा: पहिली वेळ 0:00, किमान तीन चॅप्टर, प्रत्येक निदान 10 सेकंदांचा. "उकड मळणे" असा वेगळा चॅप्टर दिसला की मोदक फाटलेली मंडळी थेट तिथे येतात.

स्टुडिओतली थंबनेलची, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या चित्राची, तुलना करायची सोय चांगली जमली आहे. तीनपर्यंत चित्रं द्यायची, सरस कोणतं ते किती क्लिक आले यावर नाही, तर किती वेळ पाहिलं गेलं यावर ठरतं. मात्र निकालाला दोन आठवडेही लागू शकतात आणि व्ह्यूज कमी असले तर तो अधांतरीच राहतो. गणेशचतुर्थी तोंडावर असताना हे सुरू करण्यात अर्थ नाही.

नोव्हेंबर 2021 पासून नापसंतीचा आकडा इतरांना दिसत नाही, स्टुडिओत तुम्हाला दिसतो. कमेंटमधले प्रश्न आणि उत्तर न दिलेल्या कमेंट वेगळ्या काढता येतात, रोज तेवढ्या वाचल्या तरी पुरे. शिव्यांची यादी ब्लॉक केलेल्या शब्दांत भरताना प्रत्येक शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्हीकडे टाका. मराठी शिवी रोमनमध्ये चार तऱ्हांनी लिहिली जाते, त्या चारही लागतील.